नाशिकमधली अप्रेंटिसशिप: ऑफसेट कोण टाकतं, ते आधी विचारा

आयटीआयचं सर्टिफिकेट हातात आलं की सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत तीन दारं दिसतात. सरकारी पोर्टलवरून होणारी अप्रेंटिसशिप, ठेकेदारामार्फत ‘ट्रेनी’ म्हणून लागणं, आणि फी भरून सीएनसी-व्हीएमसीचा (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचा) क्लास. हा रिव्ह्यू पहिल्या दाराचा आहे; बाकीची दोन तुलनेपुरती. घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच: पाचपैकी साडेतीन. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन या ट्रेडच्या मुलामुलींनी जरूर घ्यावी, पण मुलाखतीत एक प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नये. तो प्रश्न शीर्षकात आहे; ऑफसेट म्हणजे माप नेमकं यावं म्हणून मशीनच्या कंट्रोलमध्ये आकडा टाकून टूलच्या जागेत केलेली बारीक दुरुस्ती. का विचारायचा ते पुढे.

आधी नावाचा घोळ. नाशकात ‘अप्रेंटिस’ हा शब्द फार सैल वापरतात. पहिल्या शिफ्टला गेटमधून आत जाणाऱ्या तिघांच्या गळ्यात सारख्याच रंगाची दोरी असते. त्यातला एक पोर्टलवरचा अप्रेंटिस, दुसरा ठेकेदाराचा माणूस, तिसरा कंपनीचा ट्रेनी. ओळखायची खूण सोपी आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली घेतलेल्याकडे पोर्टलवरचा करार क्रमांक असतो, आणि त्याच्या विद्यावेतनातून पीएफ किंवा ईएसआय कापलं जात नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो शिकणारा आहे, कामगार नाही. कपात होत असेल तर तुम्ही कामगार आहात. मग विद्यावेतन नव्हे, कामगाराचं वेतन मागा. कपातही नाही आणि करार क्रमांकही नाही, ही सगळ्यात वाईट जागा. कंपनीच्या स्थायी आदेशांखालचे (मंजूर सेवानियमांखालचे) ट्रेनी हा अपवाद, पण त्यांच्याकडेही निदान नेमणुकीचं पत्र असतं. ‘आधी तीन महिने काम तर कर, मग पोर्टलवर टाकू’ असं म्हणणाऱ्याकडे ते तीन महिने कुठेच मोजले जाणार नाहीत. कराराची तारीख लागते तिथून प्रशिक्षण सुरू, त्याआधीचं सगळं फुकट.

अलीकडे एचआरच्या टेबलावर आणखी एक वाक्य ऐकू येतं: ‘आता नवे लेबर कोड आलेत, अप्रेंटिसचं सगळं बदललं.’ २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत गेले, हे खरं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा मात्र त्या २९ मध्ये नाही. तो आपल्या जागी आहे.

या कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ पर्यंत ऐच्छिक. प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के, आणि मनुष्यबळात ठेक्यावरची माणसंही मोजायची. म्हणजे कायम ८० आणि ठेक्यावरचे १२० असलेल्या कारखान्याला २०० वर हिशेब लावून कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३० अप्रेंटिस. ‘आमच्याकडे जागाच नाही’ हे उत्तर आलं की हा हिशेब मनात करून बघावा.

आता पैसे. २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये. आयटीआय पास झालेल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला ९,०००. प्रशिक्षण दुसऱ्या वर्षात गेलं तर १० टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने ही पट्टी ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० करावी अशी शिफारस केली, त्यामुळे करार करताना त्या दिवशी लागू असलेली किमान रक्कम पोर्टलवर पाहूनच सही करावी. किमान म्हणजे किमान; कंपनीला जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही.

यातला सरकारचा वाटा राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून येतो: विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला १,५०० च्या वर नाही. ७,००० च्या २५ टक्के १,७५० होतात, म्हणून १,५०० वर थांबतात; उरलेले ५,५०० कंपनीने टाकायचे. ऑगस्ट २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात येतो, आणि सगळ्यात जास्त तक्रारी नेमक्या इथेच. ‘कंपनीचे आले, सरकारचे आले नाहीत’ असं म्हणणाऱ्याचे पैसे पुष्कळदा दुसऱ्याच खात्यात जाऊन पडलेले असतात. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि ‘सीडिंग’ वेगळं. एकाच आधारवर चार बँकांत केवायसी झालेलं असू शकतं, पण थेट लाभाची रक्कम ज्या एका बँकेशी आधार शेवटचं सीड झालं तिथेच जाते. बारावीत शिष्यवृत्तीसाठी गावच्या बँकेत उघडलेलं खातं, आईने काढून दिलेलं जनधन खातं, कंपनीने उघडायला लावलेलं सॅलरी खातं, यातलं कोणतं सीड आहे ते माय-आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दोन मिनिटांत दिसतं. करार करायच्या आधी पाहा. बदलायचं असेल तर बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म लेखी द्यावा लागतो, तोंडी सांगून होत नाही.

पैशांबाबत कायद्यात तीन गोष्टी स्पष्ट आहेत आणि तिन्ही शॉपवर सर्रास विसरल्या जातात. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळालं पाहिजे. ते नगावर देता येत नाही. ‘इतके पीस काढ, तितके पैसे घे’ हा हिशेब अप्रेंटिसला लावणं कलम १३ ला धरून नाही, आणि त्याला उत्पादन बोनसच्या स्पर्धेतही ओढता येत नाही. तिसरं ओव्हरटाइम: शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तो करून घेता येत नाही, आणि मंजुरी द्यायची तर प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचं कारण लागतं. महिनाअखेरीची डिस्पॅचची घाई हे कारण नव्हे.

पोर्टलवरची नोंदणी तशी सोपी आहे. मोबाइल, ईमेल, आधार ई-केवायसी, शिक्षण, ट्रेड, बँक. मग जिल्हा आणि ट्रेड टाकून जागा शोधायच्या, अर्ज करायचा, कंपनीकडून ऑफर आली की स्वीकारायची, करार तयार होतो. अडतं ते नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. तिन्ही ठिकाणी माणूस एकच, पण संगणकाला तीन दिसतात. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या मुलींना हा त्रास जास्त. आधी आधार दुरुस्त करा, मग ई-केवायसी. उलट क्रमाने केलं तर चुकीचं नाव करारावर जातं आणि तिथून शेवटच्या प्रमाणपत्रावर. कागदपत्रांचं काही अडलंच तर त्र्यंबक रोडवरच्या सातपूर आयटीआयमध्ये मूलभूत प्रशिक्षण केंद्र आहे. त्याला सगळे ‘बीटीआरआय’ म्हणतात. फोनवर वेळ घालवण्यापेक्षा सगळ्या मूळ प्रती घेऊन तिथे जाणं बरं. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांचं पोर्टल निराळं, शिक्षण मंत्रालयाचं. त्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलतं.

हा झाला कागद. अर्धा गुण पोर्टलसाठी कापला आहे. उरलेला एक पूर्ण गुण कापला तो शॉप फ्लोअरसाठी.

नाशिकची अडचण अशी की इथलं बरंचसं काम वाहन उद्योगाच्या सुट्या भागांचं आहे, आणि हे भाग हजारोंच्या संख्येने निघतात. मशीनवर प्रोग्रॅम लागलेला असतो, फिक्स्चर (पीस धरून ठेवणारी पकड) बसलेलं असतं, सेटरने (मशीन लावून देणाऱ्या कारागिराने) पहिला पीस पास करून घेतलेला असतो. उरतं ते दार उघडणं, तयार पीस काढणं, एअर गनने बुरादा उडवणं, नवा पीस लावणं, हिरवं बटण. पंचेचाळीस सेकंदांची सायकल असेल तर शिफ्टभर तेच. दोन दिवसांत येतं. वर्षभर केलं तरी दोन दिवसांइतकंच येतं. या कामाला माणूस लागतो हे खरं, पण त्याला प्रशिक्षण म्हणणं खरं नाही.

म्हणून तो प्रश्न: ‘ऑफसेट कोण टाकतं?’

हे एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. २५ मिमीचा शाफ्ट, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लहान लिपीतला एच७, म्हणजे वर शून्य आणि खाली २१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग). मायक्रोमीटरवर माप आलं २५.०३. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजत चाललाय, डायमीटर वाढतोय. पट्ट्याच्या मध्यावर, २४.९९ ला आणायचं, म्हणजे वेअर ऑफसेटच्या (झीज भरून काढणाऱ्या ऑफसेटच्या) एक्समध्ये आणखी उणे ०.०४. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर इथे दोन खड्डे आहेत. पहिला सॉफ्ट-कीचा. वेअरमध्ये आधीच उणे ०.१२ आहे; त्यात उणे ०.०४ ची भर घालायला ‘प्लस इनपुट’ दाबायचं, म्हणजे उणे ०.१६ होतं. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसून उणे ०.०४ बसतो, टूल डायमीटरवर ०.०८ मागे सरकतं आणि पुढचा पीस २५.११ चा निघतो. शाफ्ट जाड निघाला तर पुन्हा कापता येतो. पण चुकीच्या ऑफसेटने बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाला की पीस थेट स्क्रॅपच्या लाल पेटीत. दुसरा खड्डा दशांश चिन्हाचा. बऱ्याच मशीनवर दशांश न देता ४० टाकलं की कंट्रोल ते ४० मायक्रॉन समजतो. ४० पुढे टिंब दिलं की ४० मिलिमीटर. काही मशीनवर पॅरामीटर बदललेला असतो आणि टिंब न देताही मिलिमीटरच धरतात. त्या मशीनवर कोणतं चालतं हे सेटरला विचारून घ्यायचं, आणि आकडा बसल्यावर स्क्रीनवर वाचून मगच सायकल स्टार्ट.

एवढं ज्याला वर्षभरात स्वतःच्या हाताने करायला मिळालं त्याला पुढची नोकरी सेटरची, नाहीतर ऑपरेटरची. दोघांचं सर्टिफिकेट एकच असतं, हे विशेष. म्हणून मुलाखतीत उत्तर ऐका. ‘सुरुवातीला सेटर, तीन महिन्यांनी सेटरच्या समोर अप्रेंटिस’ हे चांगलं उत्तर. ‘ऑफसेट लॉक असतो, फक्त सेटरकडे पासवर्ड’ हेही समजण्यासारखं, पण मग पुढचा प्रश्न: सेटिंग, इन्स्पेक्शन आणि टूल रूम (डाय, फिक्स्चर, टूल बनवणारा विभाग) असं फिरवतात का, आणि किती महिन्यांनी? ‘ते बघू, तुम्ही आधी जॉइन तर व्हा’ हे उत्तर आलं की पुढची कंपनी बघावी.

बाकीच्या ट्रेडला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत. इलेक्ट्रिशियनने विचारावं, पॅनल उघडून दोष शोधायचं काम मिळतं का, की दिवे बदलणं आणि एक्स्टेन्शन बोर्ड जोडणं? मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) हातात येतो का? पुरवठा बंद करून स्वतःचं कुलूप आणि टॅग लावायची पद्धत तिथे आहे का? कुलूप-टॅगची पद्धतच नसेल तर त्या कंपनीत इलेक्ट्रिशियनने जाऊच नये, विद्यावेतन कितीही असो. वेल्डरने पोझिशन विचाराव्या: वर्षभर फक्त आडव्या फिलेटच्या बीड मारायच्या असतील तर उभ्या आणि डोक्यावरच्या वेल्डचा हात कधीच बसणार नाही.

कंपनी मोठी की छोटी, यावर मत सरधोपट देता येत नाही. ओझरचा एचएएलचा कारखाना किंवा सातपूर, अंबड, गोंदे इथले मोठे वाहन आणि विद्युत उद्योग यांचं नाव प्रमाणपत्रावर वजनदार दिसतं. कँटीन, बस, सेफ्टी शूज वेळेवर मिळतात, करारही वेळेवर होतो. अंबडच्या गल्ल्यांतला पंधरा माणसांचा जॉब शॉप (सुट्टी, निरनिराळी कामं घेणारं वर्कशॉप) याच्या उलट. तिथे आज शाफ्ट, उद्या फ्लँज, परवा कुणाच्या तरी मोडलेल्या गिअरची नक्कल. मालक स्वतः ड्रॉइंग वाचून दाखवतो आणि सहा महिन्यांत जबडे बदलणं, टूल शून्याला घेणं, थ्रेडचं गेज लावणं सगळं हाताखालून जातं. पण कागदपत्रांत तो ढिला, आणि त्याच्यावर अप्रेंटिस घेण्याचं बंधनही नाही. टर्नर-मशिनिस्टसाठी आमची पसंती मधल्या आकाराच्या टूल रूमला: तीस ते दीडशे माणसं, एचआरचा एक तरी माणूस, आणि एकाच पार्टवर न चालणारं काम. सिन्नरच्या मुसळगावातही अशा जागा असतात, पण नाशिकरोडहून शिफ्टच्या वेळेला जाण्यायेण्याचं कसं ते आधी पाहावं. ७,००० मधले हजार-दीड हजार रिक्षात गेले तर हिशेब बसत नाही. शहरात सिटीलिंकचा पास स्वस्त पडतो. प्रश्न रात्री सुटणाऱ्या शिफ्टचा असतो. मुलींनी तर शिफ्ट आणि घरी पोचवणाऱ्या बसची वेळ ऑफर लेटरमध्येच लिहून घ्यावी.

सुरक्षा आणि कल्याणाच्या सोयी अप्रेंटिसला शेजारच्या कामगाराइतक्याच लागू आहेत. कँटीन आहे तर कँटीन, गॉगल, शूज, हातमोजे सगळं. (फिरत्या चकजवळ मात्र हातमोजे कधीच नाहीत, ते पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे.) काम करताना इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे कलम १६ मध्ये आहे. ‘तू ईएसआयमध्ये नाहीस, आम्ही काय करणार’ हे उत्तर चालत नाही.

मध्येच सोडायचं झालं तर गेट पास परत करून घरी बसू नये. करार पोर्टलवर रीतसर संपवून घ्यावा लागतो, नाहीतर तो चालूच दिसतो आणि पुढची कंपनी नवा करार करू शकत नाही. मालकाने कराराच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून करार मोडला तर शेवटच्या विद्यावेतनाच्या तिप्पट भरपाईची तरतूद आहे. ती मिळवायची तर पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे रोजची वर्क डायरी. तारीख, मशीन, काय काम, कोणाच्या देखरेखीखाली, सुपरवायझरची सही. ‘सीएनसीवर काम केले’ असं लिहिलेली डायरी निरुपयोगी. ‘ओपी-२०, बोअर फिनिश, टूल ३ चा इन्सर्ट बदलला, पहिला पीस तपासून घेतला’ अशी ओळ असेल तर पुढच्या मुलाखतीत ती डायरीच बायोडेटा होते.

आता बाकीची दारं, थोडक्यात. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. बारावीला ६,०००, आयटीआय आणि डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० महिना, सहा महिने, पुढे मुदत वाढवून अकरा. आकडा अप्रेंटिसशिपपेक्षा चांगला दिसतो. पण तिच्या शेवटी ट्रेड टेस्ट नाही. बारावी किंवा बीकॉम झालेल्याला कार्यालयीन कामाचा अनुभव म्हणून ठीक; फिटरने तिच्या हजार रुपयांसाठी राष्ट्रीय प्रमाणपत्र सोडू नये.

सीएनसी-व्हीएमसीचे क्लास वाईट नसतात, पण जाहिरातीतले तास आणि वाट्याचे तास वेगळे असतात. तीन महिने, महिन्याला २५ दिवस, रोज दोन तास म्हणजे १५० तास. बारा जणांची बॅच आणि एकच मशीन असेल तर डोक्यामागे साडेबारा तास, आणि तेही थिअरीला एक मिनिट न जाता. फी भरण्याआधी तीन गोष्टी बघाव्या: मशीन चालू असतं की नुसतं कोपऱ्यात उभं, मटेरियल प्रत्यक्ष कापतात की सिम्युलेटरवर जी७१ (प्रोग्रॅममधला एक कोड) दाखवून पाठवतात, आणि मोजायला स्वतःच्या हातात मायक्रोमीटर देतात का. अप्रेंटिसशिप चालू असताना आठवड्याच्या सुट्टीला असा क्लास केला तर दोन्हींचा उपयोग होतो. आधी क्लास आणि मग नोकरी, या क्रमाने पैसे बरेचदा वाया जातात, कारण शिकलेला प्रोग्रॅम लावून बघायला मशीन समोर नसतं.

शेवटची परीक्षा म्हणजे अखिल भारतीय ट्रेड टेस्ट. ती पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्र मिळालं म्हणून तीच कंपनी नोकरी देईल असं कायदा म्हणत नाही; २०१४ च्या दुरुस्तीने कंपनीने अशा उमेदवारांच्या भरतीचं धोरण ठरवावं एवढंच आलं. हे धोरण लेखी आहे का, गेल्या वर्षीच्या किती जणांना ठेवून घेतलं, हे एचआरला विचारायला काही हरकत नाही; त्या बॅचचे एक-दोघे शॉपवर भेटले तर त्यांनाच विचारावं, खरा आकडा तिथे कळतो. करार संपायला दोन महिने राहिले की कंपनीने अंतर्गत गुण भरले का, परीक्षेच्या यादीत नाव आहे का, आणि त्या यादीत आडनावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, हे बीटीआरआयमध्ये जाऊन स्वतः पाहून यावं. परीक्षा झाल्यावर स्पेलिंग दुरुस्त करायला लागणारे हेलपाटे त्र्यंबकच्या फेरीपेक्षा लांब पडतात.